धुतलेले मासे

वेंगुर्ल्याच्या घरी मी मागे एका पत्रात लिहिले होते की, आम्ही सहकुटुंब माशांची पैदास पाहायला जाऊन आलो. त्यावर काकांचे उलट टपाली उत्तर आले, 'समुद्र सोडून मासे पाहायला कुठे गेलात? वऱ्हाडात काय झाडाला लागतात?' झाडाला लागत नाहीत. नदीकाठच्या खड्ड्यांत वाढवतात, पेंड घालून, नजरेखाली ठेवून. पण हे सगळे पत्रात मावेना, आणि त्या प्रवासात माझ्या हातून जे झाले ते तर मुळीच मावेना. म्हणून निराळे लिहायला बसलो आहे. ज्यांनी वऱ्हाड पाहिले नाही त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांनी पाहिले आहे ते हसतील, त्यांनी खुशाल हसावे.

आधी आम्ही इथे कसे, ते थोडक्यात सांगतो. मुंबईच्या एका कापूस-व्यापाऱ्याच्या पेढीवर मी कारकून आहे. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, तेव्हा आमच्या शेठजींना वऱ्हाडची आठवण झाली. आणि त्यांना आठवण झाली म्हणून मला अमरावतीला यावे लागले. इथे सध्या ज्याला दोन हात आहेत तो कापसाला लागला आहे. आमचा न्हावी बाजारात गाठी शिवतो. परटाची गाढवे सरकी वाहतात. दाढी वाढली तर वाढू द्यावी आणि धोतर मळले तर मळू द्यावे, असा गावाचा रिवाजच पडला आहे.

बरोबर कुटुंब आहे, आठ वर्षांची मुलगी ठकी आहे आणि गेल्या सालापासून आई आहे. आईला इथली थंडी चालली, ज्वारीची भाकरी चालली, लोकांचे रोखठोक बोलणेही चालले. ताजा मासा मिळत नाही, ही एकच गोष्ट काही केल्या चालली नाही. येताना आणलेला सुक्या जवळ्याचा डबा दसऱ्यालाच संपला. बाजारात कधीमधी मासळी येते. एकदा ती पाहून आईने विकणारीला विचारले, "याचं तेरावं झालं का गं?" विकणारीला कोकणी हेल कळला नाही हे बरे झाले.

आमच्या भाड्याच्या दमणीचा गाडीवान करीमभाई. दमणी म्हणजे वर छत असलेली हलकी बैलगाडी. तीत चार माणसे गुडघे आवळून बसतात. आईचे हे दुःख त्याच्या कानावर गेले.

"मछली पायजे तं पूर्णेवर चला, मालक," तो म्हणाला. "उकंडा भोई तिथं मछली पाळते."

"पाळतो?"

"हो न. आपन बकऱ्या पाळतो तशी. पुरातून पिल्लं धरते, दिवाळीवरी मोठी करते, अन् गावोगावच्या तलावात नेऊन सोडते."

मी मोठ्याने हसलो. खाडीच्या काठावर जन्मलेला माणूस मी. आमच्याकडे मासा माणसाला पाळतो, माणूस माशाला नाही, हे मी करीमभाईला ऐकवले. वऱ्हाडातल्या लोकांनी आम्हाला मासे शिकवू नयेत, असेही वर बोललो. हे शेवटचे वाक्य कुटुंबाने जपून ठेवले आहे आणि अजून सणासुदीला बाहेर काढते.

वलगाव

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. उजाडताना निघालो. वाटेचे वर्णन करण्यासारखे फारसे नाही. धूळ होती आणि ती सगळीकडे सारखी होती. पण वलगावच्या अलीकडे ऊन वर आले आणि दोन्ही बाजूंची वावरे दिसू लागली, तेव्हा मी करीमभाईला बैल थांबवायला सांगितले. जमीन काळीकुट्ट, आणि तिच्यावर नजर जाईल तिथवर फुटलेली पांढरी बोंडे. वर्षभर मी कापसाच्या गाठी मोजतो आहे, पण झाडावरचा कापूस इतका एकदम पाहिला नव्हता. आमच्याकडे शेजाऱ्याचे घर दिसायला माड बाजूला सारावे लागतात. इथे कोसभर लांबचा माणूस दिसतो, आणि तो येऊन पोचेपर्यंत आपण त्याची वाट पाहत राहतो.

गावात पाणी मागावे म्हटले तर दारे बंद. सगळा गाव वेचणीला गेलेला. एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती, तिच्यावर बहुधा साऱ्या गावाची राखण टाकून लोक गेले होते. तिने तांब्या दिला आणि ठकीला विचारले, "कुठी चाल्ली वं माय?"

"मासे बघायला."

"खायाले?"

"नाही, बघायला."

म्हातारीने ठकीकडे, मग माझ्याकडे नीट पाहिले. "नुसतं पाहून पोट भरते काय तुमच्याकडे?" ती म्हणाली. आई दमणीतून म्हणाली, "बाई शहाणी आहे." मी तांब्या परत केला.

पूर्णाकाठ

उकंडा भोयाचे गाव नदीच्या उंच काठावर आहे. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण वाचून कोणी उठून जाईल आणि त्या माणसांना पाहुण्यांचा ताप होईल. आमच्या एकट्यांचा ताप त्यांना पुरेसा झाला.

काठाच्या खाली, पुराचे पाणी मागे हटते त्या जागी, ओळीने सहा खड्डे होते. प्रत्येक खड्ड्यावर बाभळीचे काटे पसरलेले. ते बगळ्यांसाठी, आणि रात्री चोरून जाळे टाकणाऱ्या माणसांसाठी. उकंडा साठीचा, गुडघा सुजलेला, बोलायला कंजूस. श्रावणात पूर आला की काठाकाठाने जुने लुगडे धरून तो आणि त्याची बायको पुंजाबाई पिले गाळतात. तेव्हा ती डोळ्यांच्या पापणीएवढी असतात. एका खड्ड्यात पंधरा दिवस ठेवतात, मग बांबूच्या टोपलीतून चाळतात. बारकी निसटून खाली राहतात, मोठी पुढच्या खड्ड्यात जातात. असे करत सहाव्या खड्ड्यापर्यंत पोचलेली बोटाएवढी होतात. बेडूक, साप आणि कासव यांच्या तावडीतून जी सुटली ती.

"निम्मे तरी राहतात का?" मी विचारले.

"निम्मे राह्यले असते तं म्या पाटील झालो असतो," उकंडा म्हणाला. दिवसभरात त्याचे हे सर्वांत लांब बोलणे.

पुंजाबाईने काठावर बसून पाण्यावर तळहाताने तीनदा थाप मारली आणि तिळाच्या पेंडीची मूठ टाकली. क्षणभर काही नाही. मग सारे पाणी खालून उकळी आल्यासारखे हलले. ठकी किंचाळली आणि मग तिने इतक्या थापा मारल्या की पेंड संपली. "यांची आई कुठे असते?" तिने विचारले. पुंजाबाई म्हणाली, "ते पुरात गेली, माय. आता मीच हावो त्यायची." आई शेजारीच बसली होती. तिने लुगडे खोचले आणि न विचारता पाण्यात हात घातला. त्या दोघी बायांची जी गट्टी जमली ती तिथून. एकीची भाषा दुसरीला निम्मी कळत होती, आणि निम्म्यात त्यांचे भागत होते.

नदीच्या वाहत्या पाण्यात एक मोठी झाकलेली टोपली बांधून ठेवली होती. आत मासेच मासे. त्यांना पेंड का नाही, असे ठकीने विचारले.

"त्यायची एकादशी हाय," पुंजाबाईची मुलगी सुंदरा म्हणाली. "उद्या वाटेले लागाचं हाय त्यायले. भरल्या पोटी निघाले तं मडक्यात घान करते अन् मरते. म्हून एक दिवस उपाशी, अन् वाहत्या पान्यात. गर्दीची सवय बी होते."

ही सुंदरा विशीची, दिवाळीला माहेरी आलेली, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. सासर नांदगाव खंडेश्वराच्या बाजूला. टोपलीतले मासे तिच्याबरोबर सासरी जायचे होते. तिच्या सासरी गावतळ्यावर उपजीविका. आणि गेल्या उन्हाळ्यात ते तळे तळापर्यंत आटले.

"औंदा पावसानं भरला तलाव," ती म्हणाली, "पन नुसतं पानी. मासा एक नाई. धनी म्हनते, जाळं टाकून काय पानी धरू? गावचे सारे खामगावच्या रुईच्या गाड्यायवर चाल्ले, म्या बी जातो, होळीले येतो. आता मागच्या साली आमच्या गावचे दोघं असेच गेले. होळीले येतो म्हने. पटकी झाली अन् रस्त्यातच राह्यले दोघंही." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतले. "म्हून म्या त्यायले म्हनलं, माहेरून दोन मडकी मासे आनतो. तलावात लहान मासा असला तं राखाले माणूस लागते, सोडून जाता येत नाई. मंग राह्यता? तं म्हने, दोन आनली तं राह्यतो. एकानं काय होते."

दोन मडकी. हा त्या नवराबायकोतला करार. पण मडकी नेणार कोण? दर साल सुंदराचे दोघे भाऊ कावडीने नेत. या साली दोघेही अमरावतीला गाठी दाबायला गेले होते, तिप्पट मजुरीवर; कदाचित माझ्याच पेढीच्या गाठी असतील, मी विचारले नाही. उकंड्याचा गुडघा सुजलेला. अमरावतीच्या कोटापाशी सुंदराचा नवरा कावड घेऊन येणार होता; पण तिथवर? सुंदरा एक मडके डोक्यावर नेईल, पण कडेवर मूल, आणि दुसरे मडके?

"आमची दमणी आहे की," आई म्हणाली. "अमरावतीपर्यंत आम्ही नेऊ. मांडीवर घेऊन बसू." कुटुंबाने मान डोलावली. मीही मोठ्या मनाने होकार दिला. मोठे मन दाखवायला मला तेव्हा फार आवडत असे.

रात्री आईने नदीचे मासे शिजवले. आमसुले तिच्या गाठोड्यात होती, पण नारळ कुठला? इकडे नारळ देवापुढे फुटतो, वाटणात जात नाही. पुंजाबाईने जवसाचे तेल आणि लाल मिरचीचा ठेचा दिला. तीन दगडांच्या चुलीवर जे तयार झाले ते ना वऱ्हाडचे, ना कोकणचे. उकंड्याने एक घास घेतला आणि म्हणाला, "आंबट हाय." मग तीन भाकऱ्या खाल्ल्या. आई म्हणाली, "चिखलाचा वास येतो माशाला," आणि तिनेही भात नसताना पोटभर जेवून घेतले. इथे आल्यापासून तिला इतके जेवताना मी पाहिले नव्हते.

परतीची वाट

दुसऱ्या दिवशी पहाटे मडकी भरली. रुंद तोंडाची, काळी, खाली चुंबळीसारखी गवताची बैठक. नदीचे पाणी, त्यात मूठभर काठाची माती कालवली, मग मासे. पुंजाबाईने दोन्ही मडक्यांना हळदीकुंकू लावले आणि आमच्या बायकांना काहीतरी बराच वेळ समजावून सांगितले. मी त्या वेळी दमणीचे दांडे पाहत होतो. दांड्यांना काही झाले नव्हते.

एवढे मला दिसले की मडक्यात हात घालून पाणी सारखे हलवत राहायचे. हलवायचे म्हणजे ढवळायचे नाही. तळहाताने वरच्या वर थोपटायचे, बाळाला निजवताना थोपटतात तसे. हात थांबला की मासे गुदमरतात. सुंदरा एका मडक्यावर बसली, दुसऱ्यावर कुटुंब आणि आई आळीपाळीने. दमणी हिंदकळे तेव्हा पाणी आपोआप हले, तेवढाच हाताला विसावा. सुंदरा एकदा आईच्या हाताकडे पाहून म्हणाली, "आजीचा हात चांगला हाय. भोयाचा हाय." आईला आयुष्यात इतका मान कोणी दिला नसेल, ती पुढे कोसभर मडके कोणाच्या हाती देईना.

मी पाय मोकळे करायला दमणीबरोबर चालत होतो आणि ठकीला भरती-ओहोटी समजावून सांगत होतो. समुद्र दिवसातून दोनदा खाडीचे पाणी बदलतो, म्हणून आपल्याकडचा मासा ताजा आणि चपळ, असे मी सांगितले. ते खोटे नाही. पण तेच पुढे अंगाशी आले.

दुपारी वलगावच्या अलीकडे एका वावरातल्या विहिरीपाशी बैल सोडले. मूल भुकेने रडू लागले. सुंदरा निंबाच्या आडोशाला पाजायला गेली. तिला सोबत म्हणून आई आणि ठकी गेल्या. सुंदराच्या मडक्यावर करीमभाई बसला, दुसऱ्यावर कुटुंब. मी येऊन कुटुंबाच्या मडक्यात डोकावलो. ऊन तापले होते. मासे वर येऊन तोंडे उघडीत होते, आणि पाणी तर चहापेक्षा काळे.

"हे पाणी किती घाण आहे," मी म्हणालो.

"घाण नाही, माती आहे म्हणे," कुटुंब म्हणाले. "आईंना विचारू या का?"

"आईला काय विचारायचं? मासे जीव काढतायत ते दिसत नाही? यांना ताजं पाणी हवं. खाडीत भरती येते ती कशाला येते?"

कुटुंबाने आणखी एकदा निंबाच्या दिशेने पाहिले. मी विहिरीचे पाणी काढले. काय सुंदर पाणी होते! तळाचा दगड दिसावा असे निर्मळ, आणि हाताला गार. मडक्याच्या तोंडावर पंचा धरून मी ते काळे पाणी जवळजवळ सगळे ओतून दिले आणि वर विहिरीचे भरले. मासे आत लख्ख दिसू लागले, तांबूस परांचे, रुपेरी पोटांचे. मला फार समाधान वाटले. मी दुसऱ्या मडक्याकडे वळलो.

"मालक," करीमभाई म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "मालक, ते उलटे होऊन राह्यले."

मी पाहिले. एक मासा कुशीवर होता. मग दुसरा. मग जणू कोणी हाक मारल्यासारखे ते एकामागून एक पोटे वर करून पाण्यावर आले. कुटुंब दोन्ही हातांनी पाणी थोपटत होते आणि थोपटता थोपटता रडत होते.

सुंदरा कशी आली ते मला आठवत नाही. मूल माझ्या आईच्या हातात होते. सुंदराने मला बाजूला केले नाही. मी तिथे नसल्यासारखी ती माझ्या अंगावरून मडक्याशी पोचली. पदर मडक्याच्या तोंडाला धरून तिने विहिरीचे पाणी उपसून टाकले, करीमभाईच्या मडक्यातले मातकट पाणी थोडे थोडे करून यात ओतले, आणि मग दोन्ही हातांनी थोपटू लागली. थोड्या वेळाने मूल करीमभाईकडे देऊन आई बसली, मग कुटुंब, मग ठकीही. दोन्ही मडक्यांवर आठ हात. मला कोणी हात घालायला सांगितले नाही, आणि मी विचारण्याचे धाडस केले नाही.

उताणे होते त्यांतले काही मासे पुन्हा पालथे झाले, पोहू लागले. बरेचसे झाले नाहीत. मेलेले सुंदराने ओच्यात वेचून घेतले आणि वावराच्या कडेला कपाशीच्या बुडाशी नेऊन टाकले. परत आली तेव्हा तिने एवढेच विचारले, "हिरीचं पानी होतं काय?"

"हो," मी म्हणालो. "स्वच्छ होतं."

"हो न," ती म्हणाली. "हिरीचं पानी मेलेलं रायते, मालक. उभं पानी. अन् गार. ती माती नदीची होती, त्यायच्या घरची." मग ती दमणीत चढली.

मला लाज वाटली. अशी लाज की माणूस आपल्याच बायकोमुलीच्या मागे दहा पावले अंतर ठेवून चालतो. अमरावतीपर्यंत मी असाच चाललो.

अमरावती, कोटाबाहेर

सुंदराचा नवरा किसन कोटाबाहेर कावड घेऊन बसला होता. उंच, शिडशिडीत माणूस. मूल त्याने आधी घेतले, मग मडक्यांत वाकून पाहिले. एकात बराच वेळ. दुसऱ्यात फार वेळ लागला नाही.

"काहून?" तो म्हणाला.

सुंदराने पदराने हात पुसले. ती काही रचून सांगेल, दोष स्वतःकडे घेईल, असे मला क्षणभर वाटले. खरे म्हणजे मी तशी आशा केली. वऱ्हाडी माणसे असले काही करत नाहीत.

"या मालकायनं धुतले," ती म्हणाली.

"काय धुतले?"

"मासे. हिरीच्या पान्यानं."

किसनने माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग असता तर बरे झाले असते. त्याला खरोखरच समजून घ्यायचे होते. "मालक," त्याने विचारले, "तुमच्या गावाले मासे नाई काय?"

"आहेत," मी म्हणालो.

"मंग?"

माझी चूक झाली, असे मी म्हणालो. तो म्हणाला, "झाली तं झाली." मग सुंदराकडे वळून, "दोन म्हनली होतीस."

"दीडाक हाय."

"दीडाक नाई. एक हाय, अन् वर चार मासे." त्याने कावडीच्या दोऱ्या सोडल्या. "माहा बुढा बाप राखीन एवढ्याले. म्या होळीले येतो."

सुंदरा त्याच्याशी भांडली नाही. करार तिनेच केला होता. भरलेले मडके तिने डोक्यावर घेतले, आणि चालता चालता एक हात वर करून पाणी थोपटत राहिली. मूल कावडीच्या दुसऱ्या पारड्यात बसवले होते, माझ्या धुतलेल्या मडक्याच्या समोर, वजन सारखे करायला. तशी ती तिघे नांदगावच्या वाटेने गेली. आई पुष्कळ वेळ उभी होती. "त्या किसनला काही झालं ना," ती मला म्हणाली, "तर ते तुझ्या माथी." हे तिने रागाने म्हटले नव्हते, म्हणून जास्त लागले.

तो सारा हिवाळा मी बाजारात येणाऱ्या खामगावच्या गाडीवानांना पटकीची बातमी विचारीत होतो. पेढीवरच्यांना वाटे मला भावाची चिंता आहे. माघात एकदा गाड्यांच्या रांगेत किसन दिसला; वाळलेला, धुळीने पांढरा, पण जिवंत. त्याने मला ओळखले आणि हात वर केला. मी हिशेबाची वही तशीच सोडून त्याच्यापर्यंत गेलो. "बरा आहेस ना?" विचारले. "हावो," तो म्हणाला, "मासे बी बरे हायेत म्हने. राह्यले ते." त्या दिवशी मी पेढीवरून लवकर घरी आलो आणि आईला सांगितले. ती म्हणाली, "होळी अजून लांब आहे."

होळीला तो पोचल्याचे आम्हाला करीमभाईकडून कळले.

पुन्हा कार्तिक

न केलेल्या प्रवासाबद्दल लिहू नये हे मला ठाऊक आहे. पण या प्रवासाचा उरलेला भाग मी केलाच नाही, आणि तोच महत्त्वाचा आहे.

या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सुंदरा आमच्या दारात उभी राहिली, माहेरी निघालेली. मुलगी आता बोट धरून चालते. मी पुढे झालो. ती आत पाहत म्हणाली, "आजी हाय काय?"

आई बाहेर आली. सुंदराने सांगितले ते असे. वाचलेले मासे आता हातभर झाले आहेत, पण तलाव मोठा आहे, आणखी दोन मडकी टाकली तरच भरेल. भाऊ यंदाही कापसाला गेले. बापाचा गुडघा आता उठूच देत नाही. आणि किसन खामगावच्या गाडीवर जायचे म्हणतो. "म्हने, यंदा दोन आन, खरोखरची दोन, मंग म्या कुठी जात नाई. दमनी पायजे होती, आजी."

"देऊ की," मी मागून म्हणालो. "मी स्वतः येतो."

सुंदरा पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गेल्या वर्षीच्या किसनसारखीच ती सरळ बोलली.

"नाई, मालक. आजीले पाठवा, बाईले पाठवा, ठकीले बी पाठवा. तुमी येऊ नका."

कुटुंब आत जाऊन हसले. ते मला ऐकू आले.

म्हणून त्या तिघी गेल्या, करीमभाईबरोबर, आणि मी घरी राहिलो. तीन दिवस स्वतः चूल पेटवली. वऱ्हाडी ठेचा आणि करपलेली भाकरी खाल्ली. पेढीवर दोनदा बेरीज चुकलो. दुपार झाली की वलगावची ती विहीर आठवे. आता तिथे पोचल्या असतील, आता बैल सोडले असतील. ठकीने कुठे माझी भरती-ओहोटी लक्षात ठेवली नसेल ना, या विचाराने एकदा मला घाम फुटला.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला दमणी दारात थांबली. ठकी झोपलेली होती, तिला उचलून आत आणले. कुटुंबाच्या चोळीच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. आई पडवीत बसली आणि तिने तळहात दिव्यापुढे धरले. दिवसभर पाण्यात राहून त्यांना सुरकुत्या पडल्या होत्या, पांढऱ्या, फुगीर.

"किसन?" मी विचारले.

"कोटाबाहेर बसला होता," आई म्हणाली. "दोन्ही मडक्यांत वाकून बघितलं त्याने. हात घालून बघितलं. मग कावडीला बांधली, आणि करीमला म्हणाला, बाजारात आमच्या गाडीवाल्याला सांग, मी येत नाही."

मी खाली बसलो. फार आनंद झाला. पण मनाची खात्री होईना.

"एकही मेला नाही?"

"एकही नाही."

"वाटेत पाणी नाही बदललंत?"

आईने हाताला लावायला तेलाची वाटी पुढे ओढली.

"कोण बदलणार?" ती म्हणाली. "तू कुठे होतास?"